परसोंचं हैदराबाद

हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे परवा नव्हे. काल तेवढा ‘कल’, त्याच्या मागे जे काही घडून गेलं ते सगळं परसों. मागच्या आठवड्यात भेटलेला माणूस ‘परसों मिला था’ आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं लग्नही ‘अभी परसों तो हुआ’. आपणही ‘अगदी परवा-परवापर्यंत’ असं सैल बोलतोच, पण तिथल्या दखनी उर्दूने तो सैलपणा पार टोकाला नेला. १९६०-७० च्या दशकांतलं, लहान मुलांच्या उंचीवरून दिसणारं हैदराबाद आठवायचं तर हाच शब्द नेमका बसतो.

मराठी घरांसाठी हे शहर काचीगुडा स्टेशनपासून सुरू व्हायचं. मुंबई-पुण्याकडून मनमाडमार्गे येणाऱ्याला तिथे उतरावं लागे. पुढची लाइन मीटरगेज, त्यामुळे मोठ्या गाडीतून सामान काढून लहान गाडीत भरायचं. ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, पोरं मोजून घ्यायची आणि अजिंठा एक्स्प्रेसमध्ये बसायचं. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही स्टेशनं रात्रीत मागे पडत. सकाळी जाग यायची तेव्हा फलाटावरच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं गोल गोल वाढत गेलेली असत, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड काळे-करडे दगड दिसू लागत. ते कोणी रचलेले नाहीत. मुळात तो अखंड ग्रॅनाइट. भेगांतून पाणी मुरत गेलं, कडा झिजल्या, मधली माती वाहून गेली आणि गोलसर धोंडे एकमेकांवर तोललेले उरले. मुलांना ते राक्षसांचे लाडू वाटायचे. बंजारा हिल्सवरचे असे कितीतरी लाडू पुढे सुरुंगांनी फुटले आणि घरांच्या पायांत गेले.

काचीगुडा, सुलतान बाजार, हनुमान टेकडी, जुन्या शहरात शालीबंडा, या भागांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांचं हैदराबादशी नातं नोकरीपुरतं नव्हतं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तोवर मराठवाड्याची राजधानी हीच. औरंगाबादला विद्यापीठ झालं ते १९५८ मध्ये. त्याआधी शिकायचं तर उस्मानिया, आणि उस्मानिया १९१८ पासून कितीतरी वर्षं उर्दू माध्यमाचं. त्यामुळे कपाळाला गंध लावून उर्दू वर्तमानपत्र वाचणारे आजोबा हे त्या घरांत अगदी नेहमीचं दृश्य होतं. विवेकवर्धिनीसारखी शाळा, मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’ नियतकालिक या संस्था अशा लोकांनी उभ्या केल्या, ज्यांना चार-चार भाषा येत होत्या आणि तरी मराठी सोडायची नव्हती. आजी हिशेब सांगताना मध्येच ‘कलदार की हाली?’ असं विचारायची. निजामाचा रुपया तो हाली, त्यावर चारमिनार. इंग्रजांचा तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली चलनातून गेल्यावरही ते नाणं बायकांच्या तोंडी बरीच वर्षं राहिलं.

भाषेचं देणंघेणं मात्र दोन्ही बाजूंनी झालं. हैदराबादी माणूस ज्या एका शब्दावरून देशभर ओळखला जातो, तो ‘नक्को’, आपलाच नको आहे. ‘कायकू’मधलं काय आपलं. ‘ऐसाइच’, ‘मैंइच’ यांतला च आपला, हिंदीतल्या ‘ही’च्या जागी येऊन बसलेला. गल्लीत विटीदांडू खेळताना मराठी मूल, तेलुगू मूल आणि मुसलमान मूल तिघंही ‘हौ’ आणि ‘नक्को’वर भांडत. कुणाला कुणाची भाषा बोलतोय असं वाटायचं नाही. भाषेच्या अभ्यासकांनी याबद्दल बरंच लिहिलंय, पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की कुठल्याही घराने आपल्या मुलाला ‘असं बोलू नकोस’ म्हणून दटावलं, तरी मूल दारातून बाहेर पडलं की पुन्हा तेच बोलायचं. भाषा गल्लीची होती.

हैदराबादी माणसाला बाहेरचे लोक आळशी म्हणतात. ‘आराम से, मियाँ’ हे त्यांच्या थट्टेचं वाक्य. मला ते मुळीच पटत नाही. त्या शहरात ज्या गोष्टी उत्तम व्हायच्या त्या सगळ्या घाई केली की बिघडणाऱ्या होत्या, आणि त्या कशा करायच्या हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. लहान मुलं हे बघत बघत मोठी झाली.

चहाचंच घ्या. इराणी हॉटेल म्हणजे संगमरवरी किंवा काचेच्या पाटीचं टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, गल्ल्यावर मालक. बिस्किटांची किंवा कांद्याच्या छोट्या समोशांची भरलेली बशी न मागताच टेबलावर यायची. जेवढं खाल तेवढ्याचे पैसे, उरलेलं परत. मुलांना आत नेलं तर एक चहा बशीत ओतून मिळायचा. ऑर्डरींची भाषा वेगळी. ‘पौना’ म्हणजे काढा कमी, दूध जास्त. ‘खडे चम्मच की’ म्हणजे साखर इतकी की चमचा उभा राहावा. आणि ‘एक में दो’ म्हणजे एका कपात दोघांचं भागवायचं.

हा चहा घरी होत नाही अशी समजूत आहे. होतो, फक्त दोन शेगड्या आणि पाऊण तास लागतो. आपण घरी सगळं एकाच पातेल्यात उकळतो, तिथेच फरक पडतो. इराणी चहात काढा वेगळा आणि दूध वेगळं, दोघांची गाठ कपातच पडते. चार कपांसाठी ४०० मिली पाणी, चार सपाट चमचे चहाची भुकटी आणि चार चमचे साखर. भुकटीच हवी, पानाचा चहा नको. पानाला सुगंध चांगला, पण घट्ट दुधापुढे त्याचा रंगही टिकत नाही आणि चवही. पाणी आधी गरम करून त्यात साखर-भुकटी घालायची, झाकण ठेवायचं आणि झाकणाच्या कडेला ओल्या फडक्याची गुंडाळी किंवा कणकेची वळी लावायची. बोटभर जागा वाफेला मोकळी ठेवायची, नाहीतर झाकण उडतं. मग आच इतकी मंद की आत नुसतं सुळसुळत राहावं. वीस ते पंचवीस मिनिटं. मधे उघडून बघायचं नाही. उघडलं की वास गेला.

दुसऱ्या शेगडीवर अर्धा लिटर म्हशीचं दूध, तेही मंद आचेवर, ३०० मिलीपर्यंत आटवायचं. इथे उभं राहावं लागतं. दर मिनिटाला तळ खरवडून हलवायचं आणि कडेची साय परत दुधात ढकलायची. दूध एकदा जरी तळाला लागलं तरी त्याचा करपट वास पूर्ण पातेल्यात उतरतो आणि मग वेलची घालून काही उपयोग होत नाही, ओतूनच द्यावं लागतं. शेवटी दोन चमचे खवा कुस्करून घातला की हॉटेलच्या जवळ जाणारं दूध झालं. कपात आधी निम्मा काढा गाळून, वरून निम्मं दूध. रंग विटेसारखा आला पाहिजे. करडा आला तर काढा पातळ झाला. तोंड तुरट झालं तर दूध पातळ. एवढा वेळ मुरलेल्या काढ्यात टॅनिन भरपूर उतरतं, ते दुधातल्या प्रथिनांनी बांधून घ्यावं लागतं. नुसत्या पिशवीच्या पातळ दुधाला ते काम जमत नाही. काढा आणि दूध आधीच एकत्र करून ठेवलं तर दहा मिनिटांत वर तवंग येतो आणि चव मरते. हॉटेलात काढ्याचा हंडा आणि दुधाचं पातेलं दिवसभर शेजारी-शेजारी राहायचं, पण मिसळायचं फक्त गिऱ्हाईक बसल्यावर.

त्या चहाबरोबर उस्मानिया बिस्किट. नाव शेवटच्या निजामावरून, मीर उस्मान अली खानांवरून. हे बिस्किट गोड-खारट आहे ते उगाच नाही. चहा इतका गोड की शेजारी नुसतं गोड बिस्किट ठेवलं तर दुसऱ्या घासाला कंटाळा येतो. मीठ जिभेला परत ताजं करतं. घरी करायचं तर १०० ग्रॅम लोणी, ५५-६० ग्रॅम दळलेली साखर, १२० ग्रॅम मैदा, एकेक मोठा चमचा कस्टर्ड पावडर आणि दूध पावडर, पाव चमचा मीठ, चिमूटभर बेकिंग पावडर. लोणी-साखर फेटायची आणि मैदा घातल्यावर फक्त गोळा होईल इतकंच हात लावायचा. पोळीच्या कणकेसारखं मळलं की संपलं, बिस्किट चिवट होतं. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा थोडं जाड लाटायचं, वाटीने कापायचं, वर केशराचं दूध पुसायचं. १७० अंशांवर बारा-चौदा मिनिटं. पहिल्यांदा करणारा नेहमी एकच चूक करतो. बिस्किट मऊ दिसतंय म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवतो. ते मऊच काढायचं असतं, कडा जेमतेम सोनेरी असताना. गार होताना ते आपोआप खुसखुशीत होतं.

आता वांग्यांकडे वळतो, कारण मराठी घरांत आणि शेजारच्या मुसलमान घरांत सगळ्यात जास्त देवाणघेवाण याच एका भाजीची व्हायची. बघारे बैंगन आणि मराठवाड्याची भरली वांगी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींचा पाया तोच: शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं. इकडे काळा मसाला आणि थोडा गूळ, तिकडे चिंच, कढीपत्ता आणि मेथीदाण्याची फोडणी. अर्धा किलो लहान, देठाची वांगी. तीन मोठे चमचे शेंगदाणे, दोन तीळ, दोन किसलेलं खोबरं, दोन मध्यम कांदे. ही चारही जिन्नसं वेगवेगळी भाजायची, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. दाण्यांना सहा-सात मिनिटं लागतात, तिळाला एक-दीड. सगळं एकाच वेळी तव्यावर टाकलं तर दाणा कच्चा असताना तीळ काळा होतो, आणि काळ्या तिळाचा कडूपणा चिंचेनेही जात नाही. वाटण अगदी गंधासारखं.

वांगी बुडापासून चार चिरा देऊन, देठ ठेवून, तेलात आठ-दहा मिनिटं परतायची, सालीवर फोड येईपर्यंत. बाजूला काढायची. त्याच तेलात फोडणी, मग वाटण, आणि ते मंद आचेवर तेल सुटेपर्यंत. दहा-बारा मिनिटं लागतात, इथे घाई केली तर रस्सा पिठूळ लागतो. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ यानंतर, आणि वांगी त्याच्याही नंतर. चिंच आधी आणि कच्ची वांगी मग, असा क्रम लावला की वांगं शिजत नाही. आंबटात भाजीची साल आणि गर मऊ व्हायला फार वेळ घेतात. डाळीतही आपण चिंच-आमसूल नंतर घालतो ते याचसाठी. दुसऱ्या दिवशी ही भाजी जास्त चांगली लागते, म्हणून शेजारच्या घरून वाटी यायची ती बहुधा दुसऱ्या दिवशीची. रिकामी वाटी परत पाठवायची नाही हा नियम दोन्ही घरांना सारखाच माहीत होता, त्यामुळे संक्रांतीला त्याच वाटीतून तिळगूळ जायचा.

संक्रांत म्हणजे पतंग. हैदराबादच्या मुलांचं वर्ष तिथे सुरू व्हायचं. डिसेंबरच्या अखेरीस धूलपेठेत आणि गुलजार हौजाजवळ दुकानं कागदांनी भरून जायची आणि गल्लोगल्ली दोन खांबांमध्ये दोरा ताणलेला दिसायचा. मांजा विकत मिळायचा, पण ज्याला पतंगाची खरी ओढ तो स्वतः सुतायचा. शिजवलेला चिकट भात वाटून खळ, त्यात रंग, आणि बाटलीच्या काचेची पूड. ही पूड मलमलीतून दोनदा वस्त्रगाळ केलेली असावी लागे. इथेच निम्मे मांजे फसायचे. पूड भरड राहिली की ती समोरच्याचा दोरा कापण्याआधी आपलाच दोरा आतून कुरतडते. सुती दोरा दोन खांबांना ताणून फेऱ्या मारायच्या. पुढच्याच्या मुठीत लगद्याचा गोळा, मागच्याच्या हातात फडकं, जास्तीची खळ पुसून काढायला. खळ दाट बसली तर दोरा ताठर होतो आणि चरकावर गुंडाळतानाच तुटतो. दोन-तीन थर, प्रत्येक थरामध्ये पूर्ण ऊन. ओला गुंडाळला तर रात्रीतून त्याची वडी होते आणि सकाळी सगळा चरक फेकून द्यावा लागतो. बोटांना चिकटपट्टी न लावता सुतणाऱ्यांची बोटं फेब्रुवारीपर्यंत चिरलेली दिसायची. काही मुलं जुन्या ट्यूबलाइटची काच कुटत, कारण ती पातळ आणि लवकर बारीक होते. त्या नळीत पारा असतो हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. ते कुणीच कधी करू नये.

विकत आणलेला पतंग जसाच्या तसा उडत नाही, कन्नी नीट बांधावी लागते. उभी काडी आणि आडवी कमान जिथे छेदतात तिथे दोन बारीक भोकं, आणि खाली शेपटीच्या तिकोन्यापासून चार बोटं वर दोन. दुहेरी दोरा घालून वरची आणि खालची अशा दोन तंगड्या बांधायच्या आणि जिथे त्या एकत्र येतात तिथे गाठ. दोन्ही तंगड्या सारख्या ठेवायच्या, किंवा खालची अर्धं बोट लांब. वरची जास्त लांब झाली की पतंग जागच्या जागी गरगरतो आणि हात ओढून घेतो. खालची फार लांब झाली तर तो शांत राहतो, पण वळवता येत नाही, पेच घ्यायला निकामी. एका अंगाला झुकत असेल तर दुसऱ्या पंखाच्या टोकाला चिंधीची किंवा दोऱ्याची लहानशी गुंडाळी बांधायची. लहान भावंडांचं काम चरक धरणं. हे काम कमी प्रतीचं समजलं जायचं, पण ढील देताना चरक हातात अडकला की वरचा पतंग गेलाच, आणि मग बोलणी चरकवाल्याला. समोरचा कापला की छपराछपरांवरून एकच आरोळी: अफाऽऽ! आणि ज्यांच्याकडे पतंगच नाही ते गल्लीत लंगर घेऊन उभे. दोऱ्याच्या टोकाला खडा बांधायचा, तो कटलेल्या पतंगाच्या लोंबत्या मांज्यावर फेकायचा आणि ओढायचा.

सुती मांज्याच्या जागी पुढे नायलॉनचा आला. तो तुटत नाही, कुजत नाही, झाडांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो आणि पाखरांचे पंख, माणसांचे गळे कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. ती पाळली जावी असं मनापासून वाटतं. जुना सुती दोरा जोर लावला की तुटायचा, हाच त्याचा गुण होता.

त्याच दिवसांत नुमाइश. १९३८ मध्ये उस्मानियाच्या पदवीधरांनी बागे-आमात, म्हणजे सार्वजनिक बागेत, सुरू केलेलं प्रदर्शन, पुढे नामपल्लीच्या मैदानावर गेलेलं. १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. काश्मिरी शाली, लखनवी चिकन, लहान मुलांची आगगाडी, आणि हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा भोंगा. मुलांच्या खिशात म्हणून नाव-पत्त्याची चिठ्ठी असायची.

तिकडे जायचं तर बसने, आणि बस दुमजली मिळाली तर वरच्या मजल्यावर अगदी पुढे. सिकंदराबादहून झू पार्कला जाणारी ७ झेड मुलांची सगळ्यात लाडकी. शहरात बस आली ती १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्यामार्फत, २७ गाड्यांनिशी. बसच्या नंबरप्लेटवरचा झेड निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या नावावरून, असं प्रत्येक हैदराबादी सांगतो.

उन्हाळा वेगळा विषय आहे. हैदराबादचा उन्हाळा कडक, पण कोरडा, आणि त्या कोरडेपणावर सगळी घरगुती सोय उभी होती. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर दर तासाला पाणी. नवीन माठ किंवा सुरई आणली की चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायची. हे केलं नाही तर मातीचा वास पाण्याला आठ दिवस जात नाही. मग ती ओल्या वाळूच्या परातीत, वाऱ्याच्या वाटेवर, भोवती ओलं फडकं. सुरईच्या अंगातून पाणी झिरपतं, सुकतं, आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. मुंबईला नेलेली हैदराबादी सुरई निरुपयोगी ठरायची ती याच कारणाने: दमट हवेत पाणी सुकतच नाही. 

आणि त्यात भरायचं ते गंडीपेठचं पाणी. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. अफजल पार्कमधल्या चिंचेच्या झाडावर चढून वाचलेल्यांची गोष्ट घराघरांत सांगितली जायची. ते झाड अजून उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांनी सुचवल्याप्रमाणे शहराच्या वर, मुसीवर उस्मान सागर झाला तो १९२० मध्ये. गंडीपेठ ते हेच. ईसी नदीवर १९२७ मध्ये हिमायत सागर झाला. पूर अडवायचा आणि तेच पाणी प्यायला द्यायचं, एका कामात दोन्ही. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी नुसत्या उतारावर आसिफनगरच्या गाळणीपर्यंत यायचं, पंप लागत नव्हता. ‘गंडीपेठ का पानी पिया सो वापस नहीं जाता’ असं म्हणतात. ते पाणी गोड होतं कारण त्याच्या वरच्या अंगाला तेव्हा शेतं आणि रान होतं. १९९६ च्या १११ क्रमांकाच्या सरकारी आदेशाने हे पाणलोट क्षेत्र राखायचं ठरवलं होतं. त्या रानात इमारती उभ्या करायच्या की नाही यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय. माझं मत सरळ आहे: ज्या तलावांनी शहराला पुरापासूनही वाचवलं आणि तहानेपासूनही, त्यांच्या डोक्यावर काँक्रीट ओतू नये.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सीताफळं. मोझमजाही मार्केटच्या दगडी कमानींखाली (इमारत १९३५ ची) हाताने फिरवलेलं फळांचं आइस्क्रीम मिळायचं, आणि सीताफळाच्या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नसायची. घरी लाकडी बादलीचं यंत्र असलं तर रविवारची दुपार त्यात जायची. बर्फ तीन-चार वाट्या तर खडेमीठ एक वाटी, असे थर. दूध आटवून पूर्ण गार केलेलं. सीताफळाचा गर बिया काढून, कधीही न शिजवता, दूध निम्मं गोठल्यावर घालायचा. गरम केला की गर कडवट होतो आणि गुलाबी पडतो, कितीही साखर घाला. डब्याच्या झाकणापर्यंत खारं पाणी चढू द्यायचं नाही, बाजूच्या भोकातून वेळोवेळी काढायचं. एक खारा थेंब आत गेला की सगळं वाया. दांडा मुलं पाळीपाळीने फिरवायची. शेवटची दहा मिनिटं तो इतका जड होतो की मोठ्या माणसालाच द्यावा लागतो.

सुट्टी संपली की पुन्हा काचीगुडा. मीटरगेज कधीच गेलं, आता त्या मार्गावर मोठीच गाडी धावते आणि मनमाडला सामान काढावं लागत नाही. तेव्हा मात्र देशावरच्या नातेवाइकांसाठी न्यायच्या उस्मानिया बिस्किटांची मोठी काळजी असायची, कारण लोणी जास्त, पीठ कमी, हात लावला की मोडतात. आडवी रचली की खालची सगळी चुरा. म्हणून गोल पत्र्याचा डबा, तळाला वर्तमानपत्राची दुमडलेली घडी, त्यावर बिस्किटं नाण्यांसारखी उभी, एकमेकांना टेकून, मधे कुठे बोटभरही जागा न सोडता. मोकळी जागा राहिली तर कागदाचे बोळे. झाकणाखाली पुन्हा एक घडी, आणि डबा ट्रंकेत नाही, मांडीवर. मनमाडला पहाटेच्या थंडीत गाडी बदलताना तो एका हातातून दुसऱ्या हातात जायचा, आणि घरी उघडला की वरची दोन-तीनच तुटलेली निघायची. ती मुलांची.